दर वेळी पत्ता विचारणारे काळबांडे

गुणवंतराव काळबांडे यांना एकही पत्ता पाठ नव्हता, ही गोष्ट खरी आहे. तिचा जो अर्थ चांदेकर यांनी श्रद्धांजलीच्या सभेत लावला तो मात्र मला मान्य नाही, आणि मला बोलू दिले असते तर मी तो तेथेच खोडून काढला असता. परंतु माइक माझ्या हातात येण्यापूर्वीच दोन मिनिटे मौन पाळण्याची सूचना झाली. मौनात प्रतिवाद करता येत नाही.

चांदेकर हे कंपनीचे व्यवस्थापक. माझ्या हाताखाली कामाला लागले, आता माझ्या आठवणी दुरुस्त करतात. सभेत ते गहिवरून म्हणाले, "काळबांडे सरांना पुढे पुढे काही लक्षात राहत नव्हतं. म्हणूनच त्यांनी तो दर वेळी यादी नव्याने वाचणारा कोड लिहिला. आजारातूनही त्यांनी कंपनीला देणगीच दिली." लोकांनी डोळे पुसले. मी पुसले नाहीत. मला राग आला होता.

पहिल्या रांगेत काळबांड्यांची मुलगी स्वाती बसली होती. आई गेल्यापासून नागपुरातल्या नंदनवन वस्तीतल्या घरी बापलेक दोघेच राहत. सभा सुटल्यावर तिने मला जिन्यात गाठले.

"काका, तुम्ही बाबांच्या शेजारी बसायचे. खरं सांगा. तो कोड लिहिला तेव्हापासूनच ते आजारी होते का? म्हणजे इतकी वर्षं ते माझ्यासमोर विसरून राहिले होते, आणि मी त्यांची थट्टा करत होते?"

"मुळीच नाही," मी म्हणालो.

मी इतक्या ठामपणे म्हणालो की तिचा विश्वास बसला नाही. ती मान हलवून जिना उतरली. तिला नीट उत्तर द्यावे म्हणून मी लिहायला बसलो आहे. बसताना उत्तर माझ्यापाशी तयार होते. ते आता कोठे गेले ते मला समजत नाही.

काम काय होते ते आधी सांगितले पाहिजे, कारण त्यावाचून हा माणूस कळणार नाही. संगणक ज्या प्रणालीवर चालतो तिचा एक गाभा असतो. त्याला कर्नेल म्हणतात. गाभ्यात असंख्य लहानमोठी फंक्शने, म्हणजे एकेक काम करणारे कोडचे तुकडे, असतात. प्रत्येकाला एक नाव असते आणि यंत्राच्या स्मृतीत राहण्याची एक जागा असते; त्या जागेच्या आकड्याला आम्ही पत्ता म्हणत असू. अमुक फंक्शन केव्हा चालले, किती वेळा चालले, याचा माग काढण्यासाठी त्याच्या दारात पहारा बसविता येतो. हा पहारा नीट चालतो की नाही हे पाहणाऱ्या चाचण्या लिहिणे हे आमच्या विभागाचे काम. पहारा बसवायचा तर पत्ता हवा, आणि पत्ता मिळवायचा तर नाव घेऊन यादीत शोध घ्यावा लागतो. ती यादी गाभा स्वतःच दाखवितो. कागदावरच्या यादीसारखी ती जुनी होत नाही. ज्या क्षणी विचाराल त्या क्षणी जे खरे असेल तेच सांगते. यंत्र बंद करून पुन्हा चालू केले की पत्ते बदललेले असतात. चोराला घर सापडू नये म्हणून ते मुद्दाम बदलले जातात.

म्हणून सभेत काही तरुण मंडळींनी "काळबांडे सरांना सगळे पत्ते तोंडपाठ होते" असे जे सांगितले, तेही मी येथेच फेटाळतो. ते भक्तीने बोलले, पण विचार न करता बोलले. रोज बदलणारे पत्ते पाठ करणारा मनुष्य विद्वान नसतो. काळबांड्यांचा आग्रह नेमका उलटा होता. "नाव पक्कं धरा, पाठकसाहेब," ते म्हणत, "जागेचा काय भरोसा?"

नरखेड तालुक्यातल्या संत्र्यांच्या बागा सोडून ते नागपूरला शिकायला आले आणि येथेच राहिले; पण बोलणे तिकडचेच ठेवले. परदेशी गिऱ्हाइकाशी इंग्रजीत बोलून फोन ठेवला की त्याच श्वासात "काय डोस्कं खाते बाप्पा हा!" असे म्हणत. उन्हाळ्यात डोक्याला पांढरा दुपट्टा गुंडाळून येत आणि एसीच्या गारव्यातही दुपारपर्यंत तो काढीत नसत. कोणाचेही नाव अर्धे घेत नसत. त्यांच्या गावात काळबांडेच इतके, की एसटीतून उतरून नुसते 'काळबांडे' असे विचारणाऱ्यास लोक "कोणते गा?" असा उलट प्रश्न करून परत बसस्टँडवर बसवीत. त्यामुळे ते नावाबरोबर बापाचे नाव आणि त्याबरोबर गावही विचारून घेत. मुलाखतीस आलेल्या एका मुलीने यावरून गैरसमज करून घेतला होता. तिला समजावण्याचे काम अर्थातच माझ्याकडे आले.

सकाळी कार्यालयात शिरताना दाराशी बसलेल्या गजाननला ते विचारीत, "गजानन, माही खुर्ची कोणती गा आज?"

"तीच जी साहेब, कालचीच."

"पाहून घेतलेलं बरं."

हे मी वर्षानुवर्षे ऐकले. आमच्याकडे खुर्च्या हलविण्याची खोड होतीच. आठवड्यातून एकदा तरी कोणाची खुर्ची चाके असल्यामुळे दुसऱ्याच टेबलाशी गेलेली असे. त्यामुळे तो विनोद होता. विनोदच होता. निदान सुरुवातीस.

एकदा एका नव्या इंजिनिअरने घाबऱ्याघाबऱ्या सांगितले की यादी बिघडली, प्रत्येक नावापुढे पत्ता शून्य. त्याने योग्य अधिकार न घेता यादी उघडली होती. ज्याला अधिकार नाही त्याला गाभा नावे दाखवितो, परंतु पत्त्याच्या जागी शून्ये लावून ठेवतो. त्याच्या चाचणीने मात्र नाव सापडले म्हणून आनंदाने शून्य हाच पत्ता धरला आणि पुढे कोसळली. काळबांडे त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "हे पाय, साऱ्या गावाचं घर एकच सांगत असंल कोणी, तर समजून जा का तुले कोणाच्याच घरी जाऊ द्याचं नाई त्याले."

चांदेकर सभेत हा किस्सा सांगताना तो इंजिनिअर आपण होतो हे सांगायला विसरले. विसरणे म्हणजे आजारच असेल, तर आजारी कोण ते वाचकांनी ठरवावे.

आता नागपूरच्या जरीपटका वस्तीतली गोष्ट. हिची साक्ष देणारा आज मी एकटाच उरलो आहे, म्हणून ती बारकाईने सांगतो.

आमच्या हिशेब विभागातले लालवानी पायाचे हाड मोडून घरी पडले होते. त्यांना भेटायला काळबांडे आणि मी माझ्या स्कूटरवरून निघालो. लालवानींचे घर मला पक्के ठाऊक होते. त्यांच्या मुलीच्या साखरपुड्याला मी गेलो होतो. बाजाराच्या तोंडाशी काळबांडे म्हणाले, "थांबवा जी. त्या कापडवाल्याले विचारून घेऊ."

"काहीएक गरज नाही. मी आलेलो आहे येथे."

"तुम्ही आल्ते. पण ते अजून तेथी हायेत का, हे तुमाले कसं माहीत?"

मी स्कूटर थांबविली नाही. गल्ली तीच, घर तेच, दारावरचा निळा रंगही तोच. एका बाईंनी दार उघडले. मी म्हणालो, "तबीयत देखने आए हैं." त्या लगबगीने "आइए, आइए" म्हणाल्या आणि आतल्या खोलीत घेऊन गेल्या. पलंगावर एक वृद्ध गृहस्थ पाय उशीवर ठेवून पडले होते, तोंडावर टॉवेल. झोप लागली आहे, उठवू नका, असे मीच म्हणालो. आम्ही संत्री ठेवली. चहा आला, शेव आली, पापड आला. "कैसे हुआ?" "बाथरूम में फिसल गए." लालवानीही बाथरूममध्येच घसरले होते. सारे जुळत होते. काळबांडे मात्र पापड हातात धरून त्या पलंगाकडे एकसारखे पाहत होते.

निघताना त्यांनी बाईंना विचारले, "बहनजी, इनका पूरा नाम क्या है?"

नाव वेगळेच होते. लालवानी मागच्याच दिवाळीनंतर दोन गल्ल्या पलीकडे राहायला गेले होते. हे नवे भाडेकरू, आणि त्यांचे सासरे पडलेले. आम्ही सासऱ्यांच्या जुन्या बिऱ्हाडाकडची मंडळी आहोत असा त्या बाईंचा समज झाला होता.

कार्यालयात ही गोष्ट 'पाठक चुकले' या नावाने सांगितली जाते. मी चुकलो नव्हतो. पत्ता बरोबर होता. त्या पत्त्यावर राहणाऱ्याने मला न कळविता घर बदलले, ही माझी चूक कशी? मी हे काळबांड्यांना जिना उतरतानाच सांगितले. ते ऐकत नव्हते. फाटकाशी उभे राहून ते स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, "घर सापडलं, बिमार माणूस सापडला, पाय बी मोडेल. चाचणी पास झाली नं बाप्पा! अन् लालवानीचा पत्ताच नाई."

दुसऱ्या दिवशी ते आल्या आल्या कामाला बसले. आमच्या चाचण्या सुरुवातीस एकदाच यादी वाचीत आणि ती स्मरणात ठेवून दिवसभर त्याच यादीत पत्ते शोधीत. मी घातलेली पद्धत; वेगवान होती, आणि तिच्याबद्दल आजवर कोणी तक्रार केली नव्हती. परंतु मधल्या काही चाचण्या गाभ्याला बाहेरून जोडलेला एखादा भाग काढून टाकीत व पुन्हा जोडीत. पुन्हा जोडताना तो भाग दुसऱ्याच जागी जाऊन बसे आणि त्याच्या जुन्या जागी तिसराच कोणी राहायला येई. आमचा पहारा त्या तिसऱ्याच्या दारात. तिसऱ्याकडेही येजा असे, पहारा ती मोजी, आणि चाचणी पास.

हे काळबांड्यांनी तोंडाने सांगितले नाही, करून दाखविले. ज्या फंक्शनवर पहारा असायला हवा त्याला कोणी हाकच मारणार नाही अशी तजवीज त्यांनी केली आणि चाचणी चालविली. पहाऱ्याने तरीही येजा नोंदविली. चाचणी हिरवीगार पास झाली. चांदेकर तेव्हा त्यांच्या मागे उभे होते; त्यांचा चेहरा मी पाहिला आहे.

त्यानंतर काळबांड्यांनी तो भाग नव्याने लिहिला. दर शोधापूर्वी यादी नव्याने वाचायची. जुने काही जवळ ठेवायचे नाही. एकाच नावाचे दोघे निघाले तर पहिल्याला धरून मोकळे न होता थांबायचे आणि 'कोणते गा?' असे विचारल्यासारखी चूक दाखवायची. सकाळच्या चहाबरोबर संपणाऱ्या चाचण्या जेवणाच्या सुट्टीपर्यंत चालू लागल्या. चांदेकर कुरकुरले, "सर, निदान जिथे काही बदलत नाही तिथे तरी जुनी यादी वापरा."

"काही बदललं नाई, हे तुले कोनं सांगतलं?"

"आपल्याला माहीत असतं ना, सर."

"पाठकसाहेबाईले बी माहीत होतं," काळबांडे म्हणाले, आणि सारा विभाग माझ्याकडे पाहून हसला. मी हसलो नाही. त्या ओळी मात्र आजतागायत कोणी काढलेल्या नाहीत.

तेव्हा माझा युक्तिवाद सरळ होता. तो कोड विसराळूपणातून आलेला नाही. तो जरीपटक्यातून आला, एका परक्या वृद्धाच्या पलंगापाशी बसून खाल्लेल्या पापडातून आला. आणि याला मी प्रत्यक्ष साक्षी आहे. येथे लेखणी खाली ठेवावी असे मी ठरविले होते.

परंतु परतीचा रस्ता राहिला. तो आजवर मी कोणाला सांगितला नव्हता, कारण त्यात सांगण्यासारखे काही आहे असे मला वाटले नव्हते. सिग्नलला स्कूटर थांबली. काळबांडे मागून म्हणाले, "पाठकसाहेब, आपण कोणाकडं चाललो होतो?"

मला तो टोमणा वाटला. मी चिडून म्हणालो, "पुरे झाली थट्टा."

ते गप्प बसले. पुढे घरापर्यंत एक शब्द बोलले नाहीत. थट्टा करणारा मनुष्य असा गप्प बसतो काय? बसतो; समोरचा चिडला तर बसतो. काळबांडे कोणाचे मन दुखविणारे नव्हते. पण मग सिग्नल सुटताना त्यांनी माझा खांदा धरला, तो तसा का धरला? खड्डा होता. तेथे खड्डा होताच. माझ्या आठवणीत आहे.

एकदा हा धागा हाती आल्यावर सगळेच उसवू लागले. 'माही खुर्ची कोणती गा' हा विनोद होता, तर पुढेपुढे गजानन हसायचा थांबला होता तो का? संगणकाला द्यायच्या लांबलचक आज्ञा ते दर वेळी पहिल्यापासून टाइप करीत, मागची कधी परत आणीत नसत. ती शिस्त होती, की मागे काही आहे हेच त्यांना ठाऊक नसे? पूर्ण नाव, बापाचे नाव, गाव, हे सारे ते ओळख पक्की करण्यासाठी विचारीत, की ओळख शोधण्यासाठी? माझ्यासमोर दोन काळबांडे उभे आहेत. दोघांचे नाव एक, बापाचे नाव एक, गावही एकच. दोघांचे प्रत्येक वागणे हुबेहूब सारखे. कोणता खरा हे कोणत्या यादीत पाहावे?

निवृत्त झाल्यावर काही काळाने डॉक्टरांनी आजाराचे नाव सांगितले. तो कधी सुरू झाला हे डॉक्टरांनाही सांगता आले नाही. चांदेकर यांना ते सांगता येते, याचे मला कौतुक वाटते.

तर स्वाती, तुला मी जिन्यात जे सांगितले ते मागे घेतो. चांदेकरांचे म्हणणे खरे आहे म्हणून नव्हे. ते खरे ठरविण्याइतका पुरावा त्यांच्याकडे नाही, आणि खोटे ठरविण्याइतका माझ्याकडे उरला नाही. एवढेच सांगतो की तो कोड बरोबर होता. तो निरोगी माणसाने लिहिला असेल तरी बरोबर, आणि आजारी माणसाने लिहिला असेल तरी तितकाच बरोबर. आणि दुसरे. मी त्यांच्या शेजारी बसत होतो, दिवसभर, जागेपणी, शहाणपणी. दुसऱ्याच्या चुका शोधण्यासाठीच मला पगार मिळत असे. मला जर ते कळले नाही, तर ते कोणालाच कळण्यासारखे नव्हते. तुलाही नाही. हे मी नम्रतेने म्हणत नाही. नम्रता माझ्यात नाही हे तुझे बाबा तुला सांगत असतीलच. तू हसलीस ते ठीकच केलेस. ते हसण्यासाठीच तसे बोलत असतील, तर कोणीतरी हसायला हवेच होते.

शेवटचे मी त्यांना पाहिले ते नंदनवनात. आजाराचे नाव अजून कोणी घेतलेले नव्हते. हिवाळ्यातली सकाळ होती. मी सहज भेटायला गेलो होतो आणि कोपऱ्यावर स्कूटर लावीत होतो. समोर इस्त्रीवाल्याची गाडी. काळबांडे भाजीची पिशवी घेऊन तिच्यापाशी आले. डोक्याला दुपट्टा.

"काऊन गा, गुणवंतराव काळबांडे कुठी राहते?"

इस्त्रीवाल्याने मान वर केली नाही. कॉलरवरून इस्त्री फिरवीत म्हणाला, "तिसरं फाटक जी, पिवळं."

"मेहेरबानी."

मग त्यांची नजर माझ्याकडे गेली. चेहरा खुलला. "या या, पाठकसाहेब! पत्ता विचारून घेतला, आता चुकत नाई." आणि मोठ्याने हसले. मीही हसलो. ते पुढे, मी मागे. पहिले फाटक गेले, दुसरे गेले. तिसऱ्यापाशी ते थांबले, कडीला हात लावला आणि वळून माझ्याकडे पाहिले. हसू तोंडावर तसेच होते.

"हेच नं?"

मी म्हणालो, "हो, हेच."

त्यांनी कडी काढली.